अमेरिकेत इन्शुरन्स असूनही कॅश भरून मेडिकल खर्च कसा कमी करायचा

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझा गुडघा गेला. बेसमेंटमधून तांदळाची वीस पौंडांची पिशवी वर आणताना पायरीवर पाय मुरगळला, आठ दिवस शेकलं, बाम चोळला, सूज काही उतरेना. डॉक्टरांनी बघून एमआरआय लिहून दिला आणि फ्रंट डेस्कवरच्या बाईंनी तिथल्या तिथे हॉस्पिटलच्या इमेजिंग डिपार्टमेंटची अपॉइंटमेंट पण घेऊन टाकली. घरी येऊन इन्शुरन्सच्या ॲपमध्ये अंदाज बघितला तर माझ्या वाट्याला १,१८० डॉलर. हा इन्शुरन्सने ठरवून घेतलेला कमी केलेला रेट, पण वर्ष नुकतंच सुरू झालेलं आणि डिडक्टिबलमधला (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी वर्षात आपण स्वतः भरायची रक्कम) एक डॉलरही भरून झालेला नव्हता, त्यामुळे सगळा भार माझ्यावरच. मग घरापासून सहा मैलांवरच्या एका स्वतंत्र इमेजिंग सेंटरला फोन करून विचारलं की इन्शुरन्स न वापरता किती घ्याल. ३९० डॉलर, रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टची फी धरून.

बाबा तेव्हा सांगलीहून आलेले होते. ते म्हणाले, "अरे, दर महिन्याला पगारातून एवढे पैसे कापून घेतात, आणि तरी खिशातून भरतोस? मग ते कार्ड घेतलंस कशाला?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि इथे दहा-दहा वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांनाही त्याचं नीट उत्तर माहीत नसतं, मलाही नव्हतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही आणि इन्शुरन्स एजंटही नाही, पण गेली काही वर्षं घरातल्या प्रत्येक तपासणीआधी फोन करून भाव विचारतोय, त्यातून जे कळलं ते हे. आणि कॅश म्हणजे नोटाच मोजून द्यायच्या असं नाही हं, क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, एचएसएचं (टॅक्स न लागता उपचारांसाठी पैसे साठवायचं खातं) कार्ड, काहीही चालतं, मुद्दा एवढाच की क्लेम इन्शुरन्सकडे जात नाही. इथे त्याला सेल्फ-पे म्हणतात.

एकाच तपासणीला तीन भाव कसे

हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. हॉस्पिटलचा एक छापील भाव असतो, त्याला चार्जमास्टर म्हणतात, तो कायच्या काय असतो आणि पूर्णच्या पूर्ण जवळपास कोणीच भरत नाही. दुसरा भाव इन्शुरन्स कंपनीने हॉस्पिटलशी करार करून ठरवलेला, तो प्रत्येक कंपनीचा आणि कधीकधी प्रत्येक प्लॅनचाही वेगळा. तिसरा कॅशचा भाव. आपली समजूत अशी असते की एवढी मोठी कंपनी घासाघीस करते म्हणजे दुसरा भावच सगळ्यात कमी असणार. बऱ्याचदा तसं असतंही, पण नेहमी नाही. क्लेम पाठवायला हॉस्पिटलला माणसं ठेवावी लागतात, क्लेम परत येतो, पुन्हा पाठवावा लागतो, पैसे महिन्या-दोन महिन्यांनी येतात. समोरचा माणूस आजच सगळे पैसे देणार असेल तर हा सगळा व्याप वाचतो, म्हणून स्वतंत्र सेंटरवाले कमी भावाला तयार होतात. शिवाय हॉस्पिटलच्या छताखाली केलेल्या तपासणीत फॅसिलिटी फी म्हणून वेगळी रक्कम लागते, रस्त्याकडेच्या सेंटरमध्ये ती नसते. माझ्या एमआरआयमधला बराचसा फरक याच जागेचा होता.

आधी स्वतःचा प्लॅन उघडून बघा

इन्शुरन्सच्या वेबसाइटवर लॉगिन करा आणि चार आकडे कागदावर लिहा. डिडक्टिबल किती आणि त्यातलं किती भरून झालं, डिडक्टिबलनंतर कोइन्शुरन्स, म्हणजे खर्चातला आपला वाटा, किती टक्के, वर्षाचा आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम, म्हणजे आपल्या खिशातून जास्तीत जास्त जाणारी रक्कम, किती, आणि डॉक्टरची व्हिजिट किंवा औषधं नुसत्या को-पेवर, म्हणजे दर वेळी भरायच्या ठरलेल्या रकमेवर, मिळतात का. या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ जण घसरतात. तुमच्या प्लॅनमध्ये स्पेशालिस्टला ४० डॉलर को-पे असेल आणि डिडक्टिबल आडवा येतच नसेल तर कॅशचा विचारही करू नका, कार्ड द्या आणि मोकळे व्हा. कॅशचा खेळ मुख्यतः ज्यांचा डिडक्टिबल मोठा आहे त्यांच्यासाठी, म्हणजे ज्यांना एचएसए उघडता येतो ते हाय डिडक्टिबल प्लॅनवाले. २०२६ साठी अशा प्लॅनचा डिडक्टिबल एकट्या माणसाला कमीत कमी १,७०० आणि फॅमिलीला ३,४०० डॉलर असावा लागतो, आणि कितीतरी कंपन्यांचे त्याच्याहून बरेच वर असतात. आयटीतल्या आपल्या मुलांनी तर प्रीमियम कमी म्हणून हाच प्लॅन टिक केलेला असतो आणि पहिलं बिल आल्यावर जाग येते.

आता हिशोब, इथे घाई नको

कॅशने भरलेले पैसे साधारणपणे डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत. म्हणजे आज वाचवलेले पैसे वर्षअखेरीला महागात पडू शकतात. माझंच उदाहरण घेतो. आमचा डिडक्टिबल ४,०००, त्यानंतर २० टक्के आमचे, वर मॅक्सिमम ९,०००.

समजा वर्षभरात त्या एमआरआयशिवाय काहीच झालं नाही. कार्ड दिलं असतं तर १,१८०, कॅश दिली तर ३९०, सरळ ७९० डॉलर वाचले.

आता समजा एमआरआयमध्ये काहीतरी निघालं आणि त्याच वर्षी २५,००० डॉलरचं ऑपरेशन झालं. एमआरआय इन्शुरन्समधून केलेला असता तर एकूण २६,१८० चा खर्च, त्यातले पहिले ४,००० माझे, उरलेल्या २२,१८० चे वीस टक्के म्हणजे ४,४३६, एकूण माझे ८,४३६. एमआरआय कॅशने केला असता तर ऑपरेशनचे ४,००० अधिक २१,००० चे वीस टक्के ४,२००, म्हणजे ८,२००, त्यात ते कॅशचे ३९० मिळवा, ८,५९०. म्हणजे कॅश देऊन १५४ डॉलरचं नुकसान. आणि ऑपरेशन इतकं मोठं निघालं की मॅक्सिममला हात लागतोच, तर अख्खे ३९० पाण्यात.

यातून एक गोष्ट नीट दिसते. वाईटात वाईट झालं तर नुकसान जास्तीत जास्त कॅशच्या रकमेएवढं, आणि वर्ष साधं गेलं तर फायदा दोन भावांमधल्या फरकाएवढा. माझ्या बाबतीत एका बाजूला ३९० आणि दुसऱ्या बाजूला ७९०, आणि डॉक्टर स्वतःच म्हणाले होते की ऑपरेशनची वेळ येईल असं वाटत नाही, त्यामुळे मी कॅश दिली. पण घरात बाळंतपण येऊ घातलंय, कोणाची केमो चालू आहे, कोणाचं ऑपरेशन ठरलेलं आहे, अशा वर्षी पहिल्या डॉलरपासून सगळं इन्शुरन्समधूनच जाऊ द्या. तसंच नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये डिडक्टिबल भरून झालेला असेल तर कॅशचं नाव काढू नका, उलट राहिलेल्या तपासण्या ३१ डिसेंबरच्या आत उरकून घ्या. जानेवारीपासून बहुतेक प्लॅनचं मीटर परत शून्यावर येतं.

एक अपवाद. काही प्लॅन स्वतःहून कॅशची पावती पाठवली तर ती डिडक्टिबलमध्ये धरतात, आणि टेक्सासने २०२३ मध्ये तर याबद्दल कायदाच केला, ठरावीक अटींमध्ये कमी भावाने कॅश भरली तर ती रक्कम धरायची असा. तुमच्या प्लॅनला चॅटवर एका ओळीत विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

कोड हातात घेतल्याशिवाय फोन करू नका

"गुडघ्याचा एमआरआय केवढ्याला" असं विचारलं तर चार ठिकाणी चार गोष्टींचे भाव सांगतात, कोणी काँट्रास्टसह (चित्र स्पष्ट यावं म्हणून टोचायचं औषध), कोणी त्याशिवाय. डॉक्टरच्या ऑफिसकडून ऑर्डरची प्रत मागा आणि त्यावरचा सीपीटी कोड, म्हणजे त्या तपासणीचा ठरलेला नंबर, विचारून घ्या, हा पाच आकडी असतो आणि देशभर एकच असतो. पायाच्या सांध्याचा विनाकाँट्रास्ट एमआरआय ७३७२१. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांचे कोड तर मी फ्रिजवर लावून ठेवलेत, सीबीसी ८५०२५, लिपिड ८००६१, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८३०३६, टीएसएच (थायरॉइड) ८४४४३, व्हिटॅमिन डी ८२३०६.

व्हिटॅमिन डी मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे जवळपास प्रत्येकाचं कमी निघतं, डॉक्टरही सहज लिहून देतात, आणि इन्शुरन्सवाले पुष्कळदा म्हणतात की ही तपासणी गरजेची नव्हती. बायकोच्या बाबतीत तेच झालं, आम्ही निवांत कार्ड दिलं, क्लेम नाकारला आणि लॅबचं २१० डॉलरचं बिल दीड महिन्याने पोस्टाने घरी आलं. तीच तपासणी आधी कॅशने केली असती तर त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत झाली असती. तेव्हापासून रक्ताच्या तपासण्यांचं आमचं ठरून गेलंय, वार्षिक फिजिकलमधल्या ज्या फुकट आहेत त्या इन्शुरन्सवर, आणि वरचं जे काही डॉक्टर जास्तीचं लिहितील त्याचा भाव आधी बघायचा. क्वेस्ट आणि लॅबकॉर्प या दोन्ही मोठ्या लॅब ग्राहकांना थेट तपासण्या विकतात, वेबसाइटवर किंमत लिहिलेली असते, आधी पैसे भरायचे आणि जाऊन रक्त देऊन यायचं.

भाव कुठे बघायचे

१ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना आपले भाव वेबसाइटवर टाकणं केंद्राच्या नियमाने बंधनकारक आहे. त्यात कॅशचा सवलतीचा भाव आणि प्रत्येक इन्शुरन्स कंपनीशी ठरलेला भाव, दोन्ही द्यावे लागतात, आणि ज्या गोष्टी आधी ठरवून करता येतात अशा ३०० सेवांची सामान्य माणसाला वाचता येईल अशी यादी किंवा किमतीचा अंदाज देणारं टूल ठेवावं लागतं. हॉस्पिटलच्या वेबसाइटच्या अगदी तळाशी "प्राइस ट्रान्सपरन्सी" अशी बारीक लिंक असते, तिथे जा. मोठी फाइल डाउनलोड करायच्या फंदात पडू नका, ती लाखो ओळींची असते, टूलमध्ये कोड टाका. एकाच हॉस्पिटलात तुमच्या इन्शुरन्सचा भाव कॅशच्या भावापेक्षा जास्त असलेला तिथे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळतो. मला माझ्या एमआरआयचा मिळाला, त्याच हॉस्पिटलचा कॅशचा भाव ६४० होता.

आपल्या भागात साधारण काय भाव चालतो ते फेअर हेल्थ कन्झ्युमर या ना-नफा संस्थेच्या साइटवर पिनकोड टाकून बघता येतं. एमडीसेव्हवर तर तपासणीचं व्हाउचर आधी विकत घेता येतं. ऑपरेशनच्या बाबतीत सर्जरी सेंटर ऑफ ओक्लाहोमाचं नाव ऐकलं असेल, त्यांनी २००९ पासून सगळे भाव, सर्जन, भूल आणि जागा धरून, वेबसाइटवर उघड टाकलेत. तिथे जायचंच असं नाही, पण हर्निया किंवा कार्पल टनेलसारख्या ऑपरेशनचा सगळं मिळून भाव किती असू शकतो हे कळलं की आपल्या गावातल्या माणसाशी बोलताना हातात काहीतरी असतं.

फोनवर काय बोलायचं

हे इंग्रजीतच बोलायचं असल्यामुळे जसंच्या तसं देतो. पहिलं वाक्य: "व्हॉट इज युअर सेल्फ-पे प्राइस फॉर धिस कोड, इफ आय पे इन फुल ऑन द डे?" यातलं इन फुल ऑन द डे महत्त्वाचं आहे, कारण त्याच दिवशी पूर्ण पैसे देणाऱ्याला वेगळी सूट असते आणि ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. फ्रंट डेस्कला माहीत नसेल तर बिलिंग डिपार्टमेंटला जोडून द्या म्हणायचं.

मग पुढचा प्रश्न, आणि हा विसरलात तर सगळं मुसळ केरात: यात आणखी कोणाचं वेगळं बिल येणार आहे का? एमआरआय असेल तर रिपोर्ट वाचणारा रेडिओलॉजिस्ट, तपासायला शरीरातला तुकडा काढला असेल तर पॅथॉलॉजीवाले, ऑपरेशनला भूल देणारा आणि जागेची फी, हे सगळे आपापलं बिल वेगवेगळं पाठवू शकतात. "३०० डॉलर" ऐकून खूश होऊन जायचं आणि मागाहून २५० चं दुसरं बिल यायचं, हे आमच्या ओळखीत दोघांना झालंय. फोनवर बोललेल्या माणसाचं नाव, तारीख, आकडा लिहून ठेवा. मी एक वही केलीय त्यासाठी.

भाव थोडा जास्त वाटला तर दुसऱ्या ठिकाणचा आकडा सांगून विचारायला लाजू नका. मंडईत जसं करतो तसं घासाघीस नाही करायची, शांतपणे म्हणायचं की अमुक सेंटर ३९० म्हणतंय, तुम्हाला जमेल का. बऱ्याचदा जमतं.

लेखी अंदाज मागून घ्या

नो सर्प्रायझेस ॲक्ट, म्हणजे अचानक येणाऱ्या बिलांविरुद्धचा कायदा, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात एक तरतूद खास आपल्या कामाची आहे. ज्यांच्याकडे इन्शुरन्स नाही, किंवा असूनही जे वापरणार नाहीत, त्यांना आधी लेखी गुड फेथ एस्टिमेट द्यावंच लागतं. नुसतं मागितलं तर कामकाजाच्या तीन दिवसांत. आणि प्रत्यक्ष बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्तीने फुगलं तर बिलाच्या तारखेपासून १२० दिवसांच्या आत २५ डॉलर फी भरून सरकारकडे तक्रार नेता येते, तिसरा माणूस निकाल देतो. म्हणून कागद जपून ठेवायचा. मात्र त्या कागदावर बहुतेक वेळा फक्त ज्यांनी तो दिला त्यांचाच खर्च असतो, इतरांचा वेगळा मागावा लागतो, म्हणून वरचा तो प्रश्न.

काउंटरवर

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तुमचं कार्ड आधीच त्यांच्या सिस्टिममध्ये असेल तर डेस्कवरचा माणूस सवयीने क्लेम पाठवून देतो, आणि एकदा क्लेम गेला की भाव बदलून घेणं महाकठीण. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, चेक-इन करताना पुन्हा सांगा, आणि सही करायच्या कागदांवर सेल्फ-पे लिहिलंय ना ते वाचा.

"तुमच्याकडे इन्शुरन्स आहे, आम्हाला बिल करावंच लागेल" असं म्हणाले तर हे लक्षात ठेवा. हिपा या आरोग्याच्या माहितीच्या गुप्ततेच्या कायद्याच्या नियमांत २०१३ पासून स्पष्ट आहे की एखाद्या सेवेचे पूर्ण पैसे तुम्ही स्वतः भरलेत आणि ती माहिती इन्शुरन्सला देऊ नका असं सांगितलंत तर त्यांना ते मान्य करावं लागतं. त्याचा फॉर्म असतो, रिक्वेस्ट फॉर रिस्ट्रिक्शन, तो मागा आणि भरा. मी एकदा मागितला तर त्या बाईंना ड्रॉवर उघडून शोधावा लागला, पण मिळाला. मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा) यांची गोष्ट वेगळी आहे. ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांनी मेडिकेअर घेतलेलं असेल तर मेडिकेअरमध्ये नोंद असलेल्या डॉक्टरला त्यात बसणाऱ्या उपचारांचे असे खासगीत पैसे एरवी घेता येत नाहीत, तिथे हा मार्ग वापरू नका.

पैसे भरल्यावर नुसती क्रेडिट कार्डची स्लिप घेऊन निघू नका. कोड, तारीख, डॉक्टरचं नाव आणि "पेड इन फुल" असलेली तपशीलवार पावती घ्या. एचएसएचे पैसे कॅशने केलेल्या उपचारांनाही चालतात, क्लेम गेलाच पाहिजे असं काही नाही, आणि टॅक्सवाल्यांनी विचारलं तर हीच पावती दाखवायची. २०२६ मध्ये एचएसएमध्ये एकट्याला ४,४०० आणि फॅमिलीला ८,७५० डॉलर टाकता येतात, टॅक्स न भरता. म्हणजे कॅशचा भाव आधीच कमी आणि त्यात टॅक्सचीही बचत.

औषधं

मला विचाराल तर सुरुवात इथून करा, कारण फोन नाही, फॉर्म नाही, पाच मिनिटांचं काम आणि दर महिन्याला फायदा.

फार्मसीत को-पे १५ डॉलर आणि तेच जेनेरिक औषध कॅशने ६ डॉलरला, असं सर्रास असतं. पूर्वी तर फार्मसिस्टना हे गिऱ्हाइकाला सांगायलाच करारात बंदी असायची, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दोन कायदे करून ती उठवली. आता तुम्ही विचारलंत तर ते सांगू शकतात, पण विचारावं लागतं: इन्शुरन्सशिवाय केवढ्याला?

वॉलमार्टची जेनेरिकची यादी २००६ पासून आहे, ठरावीक औषधं ३० दिवसांना ४ डॉलर आणि ९० दिवसांना १० डॉलर, त्यात मेटफॉर्मिन, लिसिनोप्रिल अशी रोजची औषधं येतात. कॉस्टकोच्या फार्मसीला मेंबरशिप लागत नाही, दारावर "फार्मसी" म्हणून सांगितलं की आत सोडतात. गुडआरएक्स या औषधांच्या सवलतीच्या ॲपचं कूपन फोनवर दाखवलं की भाव बदलतो, आणि एकाच गावात दोन दुकानांत तिप्पट-चौपट फरक निघतो. फक्त एक करा, साइन-अप न करता कूपन वापरा, कारण लोकांची आरोग्याची माहिती जाहिरातवाल्यांना दिल्याबद्दल त्यांना २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत १५ लाख डॉलर दंड भरावा लागला होता. आणि २०२२ च्या जानेवारीत सुरू झालेली उद्योजक मार्क क्यूबनची कॉस्ट प्लस ड्रग्ज ही ऑनलाइन फार्मसी, तिथे खरेदीची किंमत, त्यावर १५ टक्के, फार्मसीचे ५ डॉलर आणि पोस्टेज, असा उघड हिशोब असतो. महागड्या जेनेरिकला तिथे बघाच.

पण इन्शुरन्सशिवाय घेतलेलं औषध इन्शुरन्सच्या रेकॉर्डमध्ये येत नाही, आणि तीन दुकानांतून तीन औषधं घेतली तर एकमेकांशी पटत नसलेल्या औषधांवर कोणाचीच नजर राहत नाही. सगळ्या औषधांची एक यादी फोनमध्ये ठेवा आणि प्रत्येक फार्मसिस्टला दाखवा. बीपी आणि साखरेची औषधं एकत्र चालू असणाऱ्या घरात याला काहीही झालं तरी फाटा देऊ नका.

कॅश कुठे अजिबात नाही

वार्षिक तपासणी, लसी, मॅमोग्राम, ४५ नंतरची स्क्रीनिंगची कोलोनोस्कोपी, हे नेटवर्कमध्ये, म्हणजे इन्शुरन्सशी करार असलेल्यांकडे, फुकट असतं, तिथे कार्डच द्या. छातीत दुखणं, पक्षाघाताची लक्षणं, अपघात, इथे भाव विचारत बसायचं नसतं, ९११ लावायचा. इमर्जन्सी रूममध्ये पैसे असोत-नसोत तपासून स्थिर करणं हॉस्पिटलला १९८६ च्या कायद्याने भाग आहे, आणि त्या बिलांना इन्शुरन्स हवाच. आणि हे सगळं वाचून कोणी इन्शुरन्सच बंद करायचं मनात आणत असेल तर कृपा करून तसं करू नका. एका ॲपेंडिक्सचं बिल दहा वर्षांची बचत खाऊन टाकतं.

भारतातून आलेले आई-बाबा

यांच्यासाठी हा सगळा लेख पहिल्या ओळीपासून लागू आहे. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीपासूनच्या आजारांना सहसा जागा नसते, म्हणजे साखर, बीपी, गुडघे, सगळं सेल्फ-पेच. औषधं तिकडूनच, तीन महिन्यांपर्यंतची, मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसकट आणायला सांगा. इथे आल्यावर साधा सर्दी-खोकला, युरिनचं इन्फेक्शन झालं तर इमर्जन्सी रूमकडे धावू नका, अर्जंट केअरला (तातडीच्या पण साध्या तक्रारी बघणारं क्लिनिक) फोन करून सेल्फ-पेचा भाव विचारा. महिन्याला ठरावीक फी घेऊन हव्या तेवढ्या वेळा बघणारे डायरेक्ट प्रायमरी केअरवाले डॉक्टर आता बऱ्याच गावांत आहेत, सहा महिने राहणार असतील तर त्यांना विचारून बघा, काही जण थोड्या महिन्यांसाठीही घेतात. आपल्यालाही ते उपयोगी आहेत, कारण २०२६ पासून अशी फी महिन्याला एकट्याला १५० आणि फॅमिलीला ३०० डॉलरपर्यंत एचएसएमधून भरता येते आणि त्यामुळे एचएसए बादही होत नाही. दातांचं मात्र बहुतेक जण करतात तेच मी करतो, रूट कॅनाल थांबण्यासारखं असेल तर पुण्याच्या ट्रिपमध्ये. दुखत असेल तर थांबत नाही.

बाबांची तीन महिन्यांची एचबीएवनसी इथेच करून घेतली, लॅबच्या वेबसाइटवर आधी पैसे भरून. पावती त्यांनी स्वतःच्या डायरीत चिकटवली आणि खाली तारीख घालून रुपयांत हिशोब लिहिला.

बिल आधीच येऊन पडलं असेल तर

उशीर झालाय, पण सगळंच गेलं असं नाही. आधी आयटमाइज्ड बिल मागा, एकेक ओळ कोडसकट. दोनदा लावलेली तपासणी, न दिलेलं औषध असल्या चुका निघतात. मग पैसे भरायच्या आधी विचारा की आज सगळे भरले तर किती कमी कराल. हॉस्पिटल ना-नफा असेल तर त्यांच्याकडे फायनान्शियल असिस्टन्स पॉलिसी असणं कायद्याने सक्तीचं आहे आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. लेऑफ झालेल्यांनी, एकाच पगारावर चार माणसं असलेल्यांनी हा अर्ज जरूर भरा, ही भीक नाही, टॅक्समधून सूट मिळते त्या बदल्यात त्यांनी ठेवलेली सोय आहे. इन्शुरन्स असला तरीही काही हॉस्पिटलं तुमच्या वाट्याचं बिल यातून कमी करतात. बायकोच्या त्या २१० डॉलरच्या बिलावर मी लॅबला फोन केला, इन्शुरन्सने नाकारलंय तर कॅशचा भाव लावा म्हटलं, वीस मिनिटं होल्डवर ठेवून त्यांनी ८५ केले. फोन ठेवायच्या आधी नवीन आकड्याचं बिल ईमेलवर मागून घेतलं, ते आल्यावरच पैसे भरले.